थंडीतल्या रस्ता शर्यती : भाईंदर, उत्तन, वसईकडे धावणाऱ्यांनी काय माहीत ठेवावं

दिवाळी झाली, भात कापून झोडून घरात आलं, वालाची पेरणी आटोपली की ठाणे आणि पालघरच्या गावागावांत पोरं पहाटे रस्त्यावर दिसायला लागतात. कुणी पोलीस भरतीसाठी पळतो, कुणी बक्षिसासाठी, कुणी डॉक्टरने साखर वाढल्याचं सांगितलं म्हणून. डिसेंबर ते फेब्रुवारी हे तीन महिने आपल्याकडे शर्यतींचे. १२ जानेवारीचा युवक दिन, २६ जानेवारी, १९ फेब्रुवारीची शिवजयंती या तारखांना कुठे ना कुठे मंडळाची ३ किंवा ५ किलोमीटरची दौड असतेच. त्याच काळात शहराकडच्या मोठ्या मॅरेथॉन येतात आणि मुरबाड, शहापूर, वाड्याकडची पोरं रात्रीच निघून भाईंदर-विरारच्या नातेवाइकांकडे मुक्कामाला येतात.

या भागात दोन शर्यतींचं नाव जास्त. एक वसई-विरार महापालिकेची महापौर मॅरेथॉन. ती २०११ साली सुरू झाली आणि अलीकडे डिसेंबरमध्ये होते. दुसरी मुंबई मॅरेथॉन, २००४ पासून, जानेवारीतल्या रविवारी. मीरा-भाईंदर या दोन्हींच्या मधोमध. खाडीच्या पलीकडे वसई, दहिसर नाक्यापलीकडे मुंबई. त्यामुळे इथल्या धावणाऱ्याला दोन्हीकडे लोकलने जाता येतं. मुंबईच्या शर्यतीच्या पहाटे रेल्वे खास जादा लोकल सोडते. त्यांच्या वेळा आदल्या दिवशीच बघून ठेवाव्यात, नेहमीच्या पहिल्या गाडीच्या भरवशावर राहू नये.

मॅरेथॉन म्हणजे किती?

गावाकडे कुठल्याही दौडीला मॅरेथॉन म्हणायची पद्धत पडली आहे. बॅनरवर 'भव्य मॅरेथॉन' आणि खाली बारीक अक्षरात '३ किमी'. खरी मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. हाफ म्हणजे २१.०९७५. बाकी १० किमी, ५ किमी ही नुसती रस्ता शर्यत. नावाला हरकत नाही, पण वेळेची तुलना करताना गोंधळ होतो. गावच्या '५ किमी'त १५ मिनिटं लावून खूश झालेला मुलगा मोठ्या शर्यतीत त्याच अंतराला १८ मिनिटं घेतो आणि आपण मागे पडलो म्हणून खचतो. मागे तो पडलेला नसतो, गावचं अंतरच कमी भरलेलं असतं. मोटारसायकलच्या मीटरवर मोजलेलं अंतर अर्धा किलोमीटर इकडेतिकडे सहज होतं.

मान्यताप्राप्त शर्यतीचा रस्ता सायकलने मोजतात. चाकाला एक मोजणीयंत्र लावलेलं असतं. आधी पोलादी पट्टीने मोजलेल्या सरळ तुकड्यावर ती सायकल चालवून यंत्राचे आकडे पक्के करतात, मग धावपटू ज्या सगळ्यात जवळच्या रेषेने पळेल त्या रेषेने पूर्ण रस्ता मोजतात. वर हजार मीटरला एक मीटर जादा धरतात, म्हणजे रस्ता चुकूनही कमी भरू नये. १० किलोमीटरला १० मीटर जास्त, मॅरेथॉनला ४२ मीटर. असं मोजलेल्या रस्त्यावरची वेळ कुठेही दाखवता येते. बाकीची वेळ आपल्या समाधानाची.

बंदुकीची वेळ आणि चिपची वेळ

हा मुद्दा गावाकडच्या मुलांना कुणी सांगत नाही आणि त्यात बक्षीस जातं. मोठ्या शर्यतीत छातीवरच्या नंबराच्या कागदामागे चिप असते. सुरुवातीच्या आणि शेवटच्या रेषेवर अंथरलेल्या पट्ट्यांवरून गेलं की वेळ नोंदली जाते. सुरुवातीची रेष ओलांडल्यापासून शेवटची ओलांडेपर्यंत जी वेळ होते ती चिपची. पण बक्षिसाचे पहिले नंबर साधारणपणे बंदुकीच्या वेळेवर, म्हणजे जो आधी पोहोचला त्याला, असे ठरतात. गर्दीत मागे उभा राहिलेला मुलगा रेष ओलांडेपर्यंत दोन-तीन मिनिटं गेलेली असतात. तो कितीही जोरात पळाला तरी ती मिनिटं परत येत नाहीत. म्हणून बक्षिसासाठी उतरणाऱ्याने नियमपत्रिका वाचावी, आपल्या वेळेचा दाखला देऊन पुढच्या गटात जागा मागावी आणि वेळेआधी अर्धा तास तिथे उभं राहावं.

नंबराचा कागद घडी घालू नये, कमरेला बांधू नये, दुसऱ्याला देऊ नये. मित्राच्या नंबरावर पळणं ही नुसती फसवणूक नाही. रस्त्यात काही झालं तर डॉक्टरांच्या हातात दुसऱ्याच माणसाचं नाव, दुसऱ्याचाच रक्तगट आणि दुसऱ्याच्या घरचा फोन जातो.

वयाचंही तेच. फुल आणि हाफसाठी साधारण १८ वर्षं पूर्ण लागतात. पंधरा वर्षांच्या पोराला खोटं वय लिहून २१ किलोमीटरला उभं करणारे काही उत्साही मार्गदर्शक आहेत. त्यांनी ते थांबवावं. वाढत्या हाडांवर एवढा मार बसला की दुखणं वर्षभर जात नाही.

अनवाणी पळणारे शेतकरी

लांब पळण्याचं आपल्याकडे शहरातून आलेलं फॅड आहे असं म्हणणाऱ्यांना एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांना सर दोराबजी टाटा हजर होते. लांबच्या शर्यतीत उतरलेले बरेचसे शेतकरी होते, अनवाणी, ना शिस्तीचा सराव ना शिकवणारा. तरी त्यांच्या वेळा बघून टाटांना वाटलं की ही माणसं ऑलिम्पिकला न्यायला हवीत. पुढच्याच वर्षी, १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारतातून चमू गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन पळाले. २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत ते १९ वे आले. शंभर वर्षांनंतर आजही २ तास ५० मिनिटांत मॅरेथॉन पळणारा माणूस आपल्या तालुक्यात शोधावा लागेल.

पुढची नावं बहुतेकांना ठाऊक आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरला कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर, मुंबई मॅरेथॉनच्या भारतीय महिला गटात सलग तीनदा पहिली, नंतर २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी. परभणीची ज्योती गवते, २०१७ ला मुंबईत भारतीय महिलांत पहिली. तिघी डोंगर, दुष्काळ आणि कोरडवाहूच्या मुलखातल्या. बारामतीच्या लता करे यांची गोष्ट तर वेगळीच. साठी ओलांडलेल्या बाईंनी नवऱ्याच्या तपासणीसाठी पैसे हवेत म्हणून नऊवारी लुगड्यात, अनवाणी पळून ज्येष्ठांची शर्यत जिंकली. त्यावर पुढे सिनेमा निघाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. दवाखान्याच्या खर्चासाठी म्हाताऱ्या बाईला पळावं लागलं, हे मात्र टाळ्यांत विसरलं गेलं.

आपली थंडी किती?

पुस्तकात लिहिलेलं असतं की लांब पळायला ५ ते १५ अंश तापमान चांगलं. आपल्याकडे किनाऱ्यावर जानेवारीच्या पहाटेही पारा साधारण १७ च्या आसपास आणि दुपारी ३० च्या वर. शहापूर, मुरबाडकडे पहाट जास्त गार असते, हवा कोरडी असते. तिकडचा मुलगा भाईंदरला येऊन पळतो तेव्हा त्याला दमट हवेचा फटका बसतो. घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. गावी १० किलोमीटरला जो वेग सहज जमतो तो इथे पहिल्या मैलातच जड जातो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, वेग थोडा सोडावा.

जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. १० किलोमीटरवाला तोवर आटोपलेला असतो. पाच-साडेपाच तास घेणारा फुलवाला मात्र नऊ-दहाच्या उन्हात डांबरावर असतो. म्हणजे हळू पळणाऱ्याला शर्यत जास्त कठीण जाते, आणि पाण्याच्या टेबलांवरचं पाणी संपतं तेही त्याच्याच वेळेला.

थंडीत आणखी एक अडचण म्हणजे धूर. हवा जमिनीलगत अडकून राहते, वारा पडलेला असतो, त्यात बांधकामाची धूळ. घोडबंदर आणि महामार्गालगत पहाटे पळणाऱ्याच्या छातीत हे सगळं जातं. दमा असलेल्याने महामार्गाचा नाद सोडावा. भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वा करत डोंगरी-उत्तनकडे जाणारा रस्ता त्या मानाने बरा. मिठागरं, खाडी, पुढे चढउतार आणि उत्तनला वलांड्यांवर वाळत घातलेले बोंबील. वास सोसवत असेल तर सरावाला याच्यासारखा रस्ता नाही. फक्त पहाटे मासळीचे टेम्पो येजा करतात, म्हणून समोरून येणाऱ्या वाहनाकडे तोंड करून उजव्या कडेने पळावं, फिक्या रंगाचा सदरा घालावा आणि कानात गाणी लावू नयेत. काशीमिरा ते गायमुख या पट्ट्यात अंधारात पळायला जाऊच नये. कंटेनरवाल्याला कडेचा माणूस दिसत नाही.

भरतीचा सराव आणि शर्यत एकत्र

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर पळावं लागतं. ५० पैकी २० गुण त्यातच. हे पळणं वेगाचं. हाफ मॅरेथॉन हे सहनशक्तीचं. दोन्हीचा पाया एक, पण ऐन भरतीच्या तोंडावर दर रविवारी बक्षिसासाठी २१ किलोमीटर मारणाऱ्यांची नडगी जाते. पाच हजारांच्या बक्षिसामागे सरकारी नोकरीची संधी घालवलेली पोरं प्रत्येक तालुक्यात एक-दोन सापडतील.

नडगीवर सगळीकडे पसरून दुखत असेल तर विश्रांती आणि कमी सराव यानं बहुतेक वेळा उतरतं. बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. तिथे मलम, शेक, बाम काही चालत नाही. हाडांच्या डॉक्टरकडे जावं. एक्स-रेत अशी चीर सुरुवातीला दिसतच नाही, म्हणून 'एक्स-रे चांगला आला' म्हणून लगेच पळायला लागू नये.

आठवड्याचं अंतर एकदम दुप्पट करू नये, दहा टक्क्यांच्या आसपास वाढवावं. चारपैकी तीन दिवस असं पळावं की बाजूच्याशी बोलता आलं पाहिजे. बहुतेकांना हे पटत नाही, त्यांना रोज दम लागलाच पाहिजे.

खाणं-पिणं

महागड्या पुड्यांवाचून अडत नाही. आदल्या रात्री भात-वरण किंवा भाकरी, तिखट कमी, उसळ बेतानं, कारण वाटाणा-वाल पहाटे पोटात बोलतात. शर्यतीआधी दीड-दोन तास एखादं केळं किंवा गूळ-शेंगदाणे. नाचणीची आंबील सवय असेल तरच. नवीन पदार्थ आणि नवीन बूट शर्यतीच्या दिवशी काढू नयेत.

पाणी तहान लागेल तसं घोट घोट प्यावं. दर टेबलावर दोन-दोन ग्लास रिचवणाऱ्याच्या रक्तातलं मीठ पातळ होऊन डोकं दुखणं, उलटी, चक्कर असा प्रकार होतो आणि तोही जीवावर बेतू शकतो. दीड तासाच्या वर पळणार असाल तर मीठ-साखरेचं लिंबूपाणी मधेमधे घ्यावं.

छातीचं दुखणं अंगावर काढू नये

२०२४ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये दोन धावणाऱ्यांचा मृत्यू झाला. त्याआधीही अशा घटना झाल्या आहेत. हजारो लोक पळतात, त्यात हे प्रमाण फार थोडं, हे खरं. पण ज्याच्या घरचा माणूस जातो त्याला प्रमाण सांगून काय उपयोग? चाळिशी ओलांडलेल्या, बीपी-साखर असलेल्या, तंबाखू-बिडी ओढणाऱ्या किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल अशा माणसाने सराव सुरू करायच्या आधी डॉक्टरांना दाखवावं. तरुण आहे म्हणून सूट नाही. ताप, सर्दी-खोकला अंगात असताना 'पैसे भरलेत' म्हणून पळू नये, विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आलेली असू शकते. गुडघा दुखू नये म्हणून आधीच वेदनाशामक गोळी घ्यायची सवय मूत्रपिंडाला घातक, त्यात घामाने पाणी कमी झालेलं असलं तर जास्तच.

पळताना छातीत दाब, जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, डोळ्यांपुढे अंधारी, थंड घाम, यातलं काहीही झालं तर तिथेच थांबावं, स्वयंसेवकाला सांगावं. 'शेवटचे दोन किलोमीटर राहिलेत' हा विचार इथे करायचा नाही.

शेजारचा धावणारा कोसळला, हाक देत नाही, श्वास नीट नाही असं दिसलं तर एकाने १०८ ला फोन लावावा, दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबायला सुरुवात करावी. मिनिटाला १०० ते १२० वेळा, छाती सुमारे ५ सेंटिमीटर खाली जाईल एवढं, रुग्णवाहिका येईपर्यंत न थांबता. पाणी पाजायला किंवा कांदा हुंगवायला वेळ घालवू नये. गावच्या मंडळांनी ट्रॉफी आणि डीजेच्या खर्चाआधी जवळच्या आरोग्य केंद्राला लेखी कळवून एक रुग्णवाहिका रस्त्यावर उभी करून घ्यावी. पोलीस पाटील, ठाण्याची परवानगी आणि वळणांवर दोन-दोन पोरं शिट्टी घेऊन, एवढं झालं तरच नारळ फोडावा.