हा कोण मेला?

दिवाळीच्या सुट्टीत नातू आला होता. बारावीत आहे. म्हणाला, "आजोबा, मारामारीच्या सिनेमाला तीन-साडेतीन तास कशाला लागतात? तुमच्या वेळी लोकांना कामधंदे नव्हते का?"

मी काही बोललो नाही. अकिरा कुरोसावाचा 'सेव्हन सामुराई' (१९५४) लावून दिला. लांबी २०७ मिनिटं! गोष्ट सोळाव्या शतकातल्या जपानची. दरोडेखोरांनी गांजलेले शेतकरी पोटभर भाताच्या बोलीवर सात सामुराई जमवतात आणि गाव लढवतात.

पठ्ठ्याने काय करावं? रिमोट घेतला आणि पहिला भाग पळवून थेट लढाईवर आला. पाऊस, चिखल, घोडे... सगळं आवडलं. शेवटाकडे एक किडकिडीत, अबोल माणूस गोळी लागून पडला. माझ्या घशात आवंढा आला (दरवेळी येतो). नातू म्हणाला, "हा कोण मेला?"

तो क्युझो. सेइजी मियागुचीने केलेला. पळवलेल्या भागात तो लाकडी हत्याराने लुटुपुटीची लढत खेळतो. समोरचा म्हणतो, बरोबरी झाली. हा म्हणतो, नाही, खरी तलवार असती तर तू मेला असतास. समोरचा हट्टाला पेटतो, खऱ्या तलवारी निघतात आणि तो खरोखरच मरतो. पुढे हाच क्युझो रात्री एकटा शत्रूच्या गोटात जाऊन बंदूक घेऊन येतो. सातांपैकी चौघे मरतात आणि चौघेही बंदुकीनेच, तलवारीने एकही नाही. क्युझोचं कसब आधी डोळे भरून पाहिलेलं असेल, तरच त्या गोळीतला अन्याय कळतो.

अमेरिकेत याच कथेवर जॉन स्टर्जेसने 'द मॅग्निफिसंट सेव्हन' (१९६०) केला. १२८ मिनिटांत. त्यात कोवळा शिकाऊ सामुराई आणि मिफुनेने केलेला शेतकऱ्याचा वेडापिसा पोर, या दोघांचा मिळून एकच तरुण केला आहे. सिनेमा मजेदार आहे, पण मिफुने जळत्या गिरणीपाशी तान्हं मूल कवटाळून "हा मीच" म्हणत रडतो, ते त्यात कुठून येणार?

म्हणून लांबीच हवी असं मात्र नाही हं. फ्रेड झिनेमनचा 'हाय नून' (१९५२) जेमतेम ८५ मिनिटांचा. दुपारच्या गाडीने वैरी येणार, मार्शल गावात दारोदार मदत मागतो, कुणी येत नाही. सिनेमातलं घड्याळ आपल्या मनगटावरच्या घड्याळाच्या जवळजवळ बरोबरीने चालतं. गॅरी कूपर एकटा बसून मृत्युपत्र लिहितो, तेवढ्यात माणूस कळतो. पण तिथे माणूस एकच आहे. एका मुलाची शिकवणी आणि साठ मुलांचा वर्ग, यांना सारखा वेळ कसा पुरेल? साठांतल्या मागच्या बाकावरच्या पोराचं नाव लक्षात राहायला मला दिवाळी उजाडायची.

आणि नुसता वेळ देऊनही भागत नाही. पाच गाणी नि एक विनोदी नोकर घालून तीन तास भरलेले कितीतरी सिनेमे मी पाहिलेत. नायकाचं नावसुद्धा आठवत नाही. असो.

रात्री नातवाच्या खोलीत उजेड दिसत होता. सकाळी चहा घेताना म्हणाला, "आजोबा, तो क्युझो बंदूक आणून देतो आणि सरळ झोपायला बसतो ना, ते मी दोनदा बघितलं."