औंधच्या राजाचे नमस्कार

सँडो म्हटलं की आता फक्त बिनबाह्यांचं बनियन आठवतं. पण १८९७ साली युजेन सँडोचं ताकद कमावण्यावरचं पुस्तक निघालं आणि त्याच वर्षी औंध संस्थानच्या एका राजपुत्राने त्याची पुस्तकं आणि व्यायामाची सगळी साधनं विकत घेतली. राजपुत्राचं नाव भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, वय २९. लोक त्यांना बाळासाहेब म्हणत. जवळपास दहा वर्षं त्यांनी इमानेइतबारे सँडोच्या पद्धतीने व्यायाम केला. मग मिरजेच्या अधिपतींनी भरीला घातलं म्हणून सूर्यनमस्कार धरले. ते मात्र जन्मभर सुटले नाहीत. स्वतः घातले, आणि दिसेल त्याला घालायला लावले.

मी पीटीच्या तासाची बाई. सगळी नोकरी सातारा जिल्ह्यातल्या शाळांत गेली. आमच्या कामात व्यायाम शिकवणं सोपं. शिकलेल्या पोराला दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर आणणं अवघड. बाळासाहेबांकडे मी त्याच नजरेने बघते. ते चित्रं काढत, कीर्तन करत, महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी पाठबळ दिलं, १९३५च्या इंदूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पण मला त्यांच्याबद्दल कुतूहल एकाच गोष्टीचं: माणसाला रोज उठवायचं कसं, हा प्रश्न त्यांनी संस्थानाच्या पातळीवर हाताळला.

नमस्कार त्यांनी शोधून काढले नाहीत. समर्थांच्या परंपरेत ते होते, तालमीतही होते. तालमीत माणूस टिकायचा, त्याची कारणं निराळी. हौद्यातली माती रोज खोऱ्याने उकरून भुसभुशीत करावी लागते. पाळी असलेला गडी आला नाही, तर बाकीच्यांची मेहनत खोळंबते. लढतीला जोड लागते. एकाने दांडी मारली की दुसऱ्याची सकाळ फुकट. वर वस्ताद बसलेला. त्याने नुसतं ‘काल कुठं होतास रं?’ विचारलं तरी पोरगा आठवडाभर सरळ. आणि पुढ्यात जत्रेची तारीख, जिथे अख्ख्या गावादेखत पाठीला माती लागायची भीती. पोरांना व्यायामाची गोडी लागावी म्हणून कुणी वेगळं काही करत नव्हतं. आळसाला तिथे जागाच ठेवलेली नव्हती.

पण तालीम जवान गड्यांची. कारकुनाने काय करायचं? मास्तराने? बाईमाणसाने तर हौद्याच्या जवळपासही फिरकायचं नाही. सँडोने व्यायाम घरात आणला खरा, पण साधनांना पैसा लागे, आणि खोलीत डंबेल्स घेऊन उभ्या असलेल्या एकट्या माणसाला पाहायला फार तर आरसा. नमस्काराला खर्च नाही, जागा चटईएवढी, आणि घरातली सगळी माणसं, बायका-पोरांसकट, ते घालू शकतात. हे बाळासाहेबांनी ठासून सांगितलं. बायकांच्या बाबतीत त्या काळात एवढं ठासून सांगणारे थोडेच. अडचण एकच. माती, जोडीदार आणि वस्ताद तिघेही तालमीतच राहिले होते.

त्यावरचं त्यांचं पहिलं उत्तर राजाचंच होतं. १९०९ मध्ये गादीवर आल्यावर त्यांनी संस्थानच्या शाळांत रोजचे नमस्कार सक्तीचे केले. फर्मान काढून स्वतः लोडाला टेकून बसले असते तर ते चार दिवसांत हवेत विरलं असतं, पण राजा स्वतः घालतो, राणीसाहेब घालतात, राजपुत्रही सुटत नाहीत, हे सगळ्या औंधला ठाऊक होतं. तेव्हा पोरांना कुरकूर करायलाही तोंड राहिलं नाही.

दुसरं उत्तर मंत्रांचं. ते मला सक्तीपेक्षा हुशारीचं वाटतं, आणि ते मी पुस्तकातून नाही, आजीकडून शिकले. आजी संस्थानच्या शाळेत जाऊन आलेली. उतारवयातही ती पहाटे चूल पेटवायच्या आधी माजघरात पदर खोचून नमस्कार घालायची. औंधच्या पद्धतीत एका नमस्काराच्या स्थिती दहा. त्यातल्या साष्टांगाला कपाळ, छाती, दोन्ही तळवे, दोन्ही गुडघे आणि दोन्ही पायांचे चवडे जमिनीला लागले पाहिजेत, पोट मात्र टेकता कामा नये. इथे भले भले लोळण घेतात. आजीच्या पोटाखालून मांजर गेलं असतं. प्रत्येक नमस्काराला सूर्याचं एक नाव, आधी बीजाक्षर: ह्रां मित्राय, ह्रीं रवये, अशी बारा. मी लहानपणी शेजारी घालायला लागले की आकडे मोजायचे आणि सात-आठवर बसायचे. आजी म्हणायची, ‘अगं, मरीचीवर कुणी थांबतं होय? भास्करापर्यंत जायचं असतं.’ आकड्यात मोजलं तर कुठेही थांबता येतं. आठ झाले म्हणजे आठ झाले. नावांचं आवर्तन मधेच सोडलं की ते तुटलेलं राहतं, आणि ते जिभेला खटकतं. राजेसाहेब बीजाक्षरांचं महत्त्व आरोग्याच्या अंगाने सांगत. त्या ध्वनींनी शरीरात काय होतं यावर त्यांचा विश्वास होता. त्याबद्दल मी बोलत नाही. बाराव्यापर्यंत ओढून नेण्याचं काम ती नावं करतात, एवढं मी वर्गावर वापरून पाहिलंय. शिट्टी वाजवून आकडे म्हणायचे सोडून दिले आणि पोरं कमी गळायला लागली.

हे वेड संस्थानाबाहेर किती पसरलं होतं, याचा सगळ्यात पक्का पुरावा विनोदी आहे. १९३३ साली आचार्य अत्र्यांचं ‘साष्टांग नमस्कार’ नाटक रंगभूमीवर आलं. त्यातले रावबहादूर नमस्काराने काहीही बरं होतं असं मानून घरादाराला छळतात. प्रेक्षक हसले, कारण असा एखादा रावबहादूर प्रत्येकाच्या ओळखीत होता. ज्या व्यायामाची रंगमंचावर टिंगल होते तो घराघरात पोचलेला असतो. १९३६ मध्ये बाळासाहेब इंग्लंडला गेले, तिथेही त्यांनी हाच विषय लावून धरला आणि लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी १९३८ मध्ये दहा स्थितींच्या या पद्धतीवर त्यांचं इंग्रजी पुस्तक संपादित करून काढलं. सँडोची पुस्तकं मागवणाऱ्याने विलायतेची उधारी अशी फेडली.

सक्तीचा हिशेब मात्र सरळ लागत नाही. याच राजाने १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेला राज्यघटना देऊन कारभार गावांच्या हाती सोपवला. नमस्काराच्या बाबतीत सक्ती आणि कारभारात स्वराज्य, हे एकाच माणसाच्या डोक्यात सुखाने नांदत होतं. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, फर्मानं संपली. आजीच्या वर्गमैत्रिणींपैकी बहुतेकींनी शाळा सुटली तेव्हाच नमस्कार सोडले होते. आजीचं का सुटलं नाही, हे तिला विचारलं तर ती म्हणायची, ‘चहाच्या आधी असतं ते.’ म्हणजे तिच्या लेखी तो व्यायाम नव्हताच, दात घासणं आणि चहा यांच्या मधलं एक काम होतं.

राजपुत्र अप्पा पंत पुढे स्वतंत्र भारताचे राजनैतिक अधिकारी झाले. पूर्व आफ्रिका, इंडोनेशिया, इजिप्त, लंडन अशा त्यांच्या नेमणुका झाल्या. लहानपणी वडिलांच्या धाकाखाली नमस्कार घातलेल्या या मुलाने १९७० साली सूर्यनमस्कारांवर स्वतःचं पुस्तक लिहिलं. तेव्हा वडील जाऊन एकोणीस वर्षं झाली होती आणि सक्ती करायला कुणी उरलं नव्हतं.

हल्ली रथसप्तमीला शाळाशाळांतून सामूहिक नमस्कार होतात. पांढरे गणवेश, ध्वनिक्षेपक, पाहुणे, गच्चीवरून फोटो. मीही अशा कार्यक्रमांचं नियोजन केलं आहे, आणि ते दिसतात छान. परिपत्रकात वेळ, गणवेश, अहवालाचा नमुना, सगळं असतं. अष्टमीला काय करायचं, याबद्दल त्यात ओळ नसते. मी ती खडूने फळ्यावर लिहायचे: उद्या सकाळी पावणेसातला, डबा नंतर.