मुंबई : ईस्ट ग्रीनविचच्या जहागिरीतील एक बेट

इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो नोव्हेंबर १६१५ मध्ये बऱ्हाणपुरास पोहोचला, तेव्हा शहाजादा परवेझ याचा दरबार तेथे होता. राजपुऱ्यासारख्या पुऱ्यांच्या त्या शहरात इंग्रजांना वखार घालू द्यावी, ही रोची विनंती शहाजाद्याने मान्य केली. (नजराण्यातील मद्याने मात्र आपले काम केले, आणि पुढील बोलणे त्या दिवशी झाले नाही.) हाच रो १६१० साली अमेरिकेत अ‍ॅमेझॉन नदीच्या मुखाशी जाऊन आला होता. वसाहत म्हणजे काय हे तो जाणून होता. तरीही हिंदुस्थानात किल्ले व फौजा ठेवू नका, युद्ध आणि व्यापार एकत्र नांदत नाहीत, असाच सल्ला त्याने कंपनीला दिला. तो सल्ला अर्धशतकही टिकला नाही.

दुसऱ्या चार्ल्सच्या विवाहाच्या १६६१ च्या तहान्वये पोर्तुगालने मुंबई आंदण दिली, ही कथा शाळकरी मुलेही जाणतात. त्यामागून आलेले मरण मात्र फारसे कोणी सांगत नाही. सर अब्राहम शिपमन सुमारे चारशे शिपाई घेऊन १६६२ मध्ये आला. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी बेट देण्याचे नाकारले. कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट पाहता पाहता तो स्वतः व त्याचे बहुतेक लोक मेले. हम्फ्री कुक याने १६६५ च्या फेब्रुवारीत ताबा घेतला, तेव्हा जेमतेम शंभर शिपाई उरले होते. प्लिमथला १६२० साली उतरलेल्या १०२ यात्रेकरूंपैकी निम्मे पहिल्याच हिवाळ्यात गेले, हे आपण चर्च-इतिहासात वाचतो. अंजदीवची मोजदाद त्याहून भयंकर आहे. पण त्या शिपायांसाठी कोणी आभारप्रदर्शनाचा सण पाळीत नाही.

२७ मार्च १६६८ च्या सनदेने राजाने हे बेट कंपनीला दिले. वार्षिक खंड दहा पौंड सोने. सनदेतील एक कलम विचार करण्याजोगे आहे : मुंबई ही केंट परगण्यातील ईस्ट ग्रीनविच येथील राजाच्या जहागिरीचा भाग समजून धारण करावी. हेच शब्द व्हर्जिनियाच्या १६०६ च्या आणि मॅसॅच्युसेट्सच्या १६२९ च्या सनदेतही आहेत. अर्थात कायद्याच्या दृष्टीने माहीमचा कोळी आणि बोस्टनचा प्युरिटन एकाच इंग्रजी जहागिरीवर राहत होते. लेखणी ती एकच, भूमी मात्र निराळी. अमेरिकेत मूळ रहिवाशांना हटवून शेते उभी राहिली. मुंबईत कोळी, भंडारी, कुणबी आणि रोमन कॅथलिक जमीनदार आधीपासून होते. त्यांना हटविण्याचे बळ इंग्रजांत नव्हते, आणि त्यांच्यावाचून एक दिवसही निभावत नव्हता. १६६९ ते १६७७ या काळात गव्हर्नर असलेल्या जेराल्ड आँजिए याने म्हणूनच १६७२ मध्ये जमीनदारांशी करार केला, न्यायालय उघडले, आणि जातिजमातींचे तंटे त्यांच्या पंचायतींकडे सोपविले. १६७७ मध्ये दीवचा व्यापारी नीमा पारख याला आपल्या धर्माप्रमाणे निर्वेध राहण्याची लेखी हमी मिळाली.

येथे आपण पाळकांनी थोडे थांबावे. छळ चुकविण्यासाठी समुद्र ओलांडलेल्यांच्या मॅसॅच्युसेट्सने रॉजर विल्यम्सला हद्दपार केले, आणि १६६० मध्ये मेरी डायर या क्वेकर स्त्रीला फासावर दिले. पुढच्याच वर्षी झालेल्या विवाहाच्या तहात मुंबईच्या रोमन कॅथलिकांना उपासनास्वातंत्र्याचे वचन होते. ते प्रीतीपोटी नव्हते, सौद्यातून आले होते. आणि सौद्याचे स्वातंत्र्य सौद्यापुरतेच टिकते. १७२० मध्ये गोव्याच्या आर्चबिशपांच्या अधिकारातील फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना इंग्रजांनी बेटाबाहेर काढले व त्यांच्या जागी कार्मेलाइट आणले. तरीसुद्धा विश्वासासाठी आलेल्यांनी फास उभारावा आणि नफ्यासाठी आलेल्यांनी वाट मोकळी ठेवावी, हे आपल्याला अस्वस्थ करणारे आहे, आणि ते तसेच राहू द्यावे.

इंग्रजांच्या स्वतःच्या उपासनेची कथा अधिक दीन आहे. आँजिएने मंदिराची उभारणी आरंभिली. त्याच्या मृत्यूनंतर भिंती अर्धवट उभ्या राहिल्या. वर्गणीचा पैसा सर जॉन चाइल्ड याने गिळला, असा आरोप अलेक्झांडर हॅमिल्टन या खलाशी-व्यापाऱ्याने आपल्या प्रवासवर्णनात केला आहे. चाळीसएक वर्षांनी धर्मोपदेशक रिचर्ड कॉब याने पुन्हा वर्गणी जमविली, आणि १७१८ च्या नाताळच्या दिवशी सेंट टॉमसचे मंदिर उघडले. चर्चगेट हे नाव त्याच मंदिराच्या वाटेवरील वेशीचे. योगायोग असा की, त्याच वर्षी मद्रासचा माजी गव्हर्नर एलिहू येल याच्या देणगीवरून कनेक्टिकट वसाहतीतील एका महाविद्यालयाला त्याचे नाव मिळाले. हिंदुस्थानचा पैसा अमेरिकेतील पाळकांच्या शिक्षणाला लागला. मुंबईच्या मराठी माणसाला सुवार्ता सांगण्यासाठी मात्र त्या मंदिरातून कोणी बाहेर पडला नाही.

ते काम जुन्या प्युरिटन वसाहतीच्या वंशजांकडे आले. मॅसॅच्युसेट्समध्ये १८१० साली स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्डाचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. कंपनी सरकारने त्यांना परत धाडण्याचा हुकूम काढला. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्याकडे त्यांनी विवेकाच्या नावाने अर्ज केले, आणि अखेर राहू दिले गेले. हॉल मराठी शिकला, शाळा काढल्या, भाषांतराला हात घातला. मार्च १८२६ मध्ये नाशिककडील दौऱ्यावर असताना पटकीने तो वारला. त्याच वर्षी मराठी नवा करार मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडला.