फिनलंडचे विमानदल आणि परकी मदत



आजच्या विषयाची पाटी लागली तेव्हा एका स्नेह्याने मला विचारले, "कामगारांच्या सभा घेणाऱ्या माणसाला विमानदलाची उठाठेव कशाला?" प्रश्न रास्त आहे. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे वाचले ते पाळीवरून सुटल्यावर, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. परंतु विमान म्हणजे केवळ ते उडविणारा शूर पुरुष नव्हे. ते जोडणारा, कडाक्याच्या थंडीत त्याचे इंजिन उघडून बसणारा फिटरही त्यात असतो, आणि त्या माणसाशी माझा तीस वर्षांचा परिचय आहे. लहान राष्ट्राला विमाने बहुधा परक्याकडूनच घ्यावी लागतात. घेऊनही ते राष्ट्र स्वतःचे कसे राहते, हा आपल्यापुढचा प्रश्न आहे.

फिनलंड शंभराहून अधिक वर्षे रशियाच्या झारच्या अमलाखाली होते. ६ डिसेंबर १९१७ रोजी ते स्वतंत्र झाले आणि दोन महिने उलटण्यापूर्वीच तेथे यादवी पेटली. एका बाजूला कामगारांचे 'लाल', दुसऱ्या बाजूला सरकारचे 'पांढरे'. ६ मार्च १९१८ रोजी स्वीडनमधून एक विमान समुद्राची खाडी ओलांडून वासा या गावी उतरले. एरिक फॉन रोझेन नावाच्या स्वीडिश सरदाराने पांढऱ्या सैन्याला दिलेले हे दान. फिनलंडचे विमानदल आपला जन्मदिवस म्हणून हाच दिवस मानते. त्या विमानाच्या पंखांवर निळे स्वस्तिक होते. रोझेन ते शुभचिन्ह म्हणून वापरीत असे, आणि तेच विमानदलाचे चिन्ह झाले. जर्मनीच्या नाझी पक्षाने स्वस्तिक घेतले ते यानंतर, १९२० साली. तेव्हा दोन्हींचा उगम एक नव्हे, हे खरे. पण पुढे हाच रोझेन स्वीडनमधील नाझीपंथीयांत वावरला, आणि त्याची मेहुणी गोअरिंगची पत्नी झाली, हेही खरे. आपल्या उंबरठ्यावर रांगोळीने काढलेले चिन्ह जगात कोणाच्या हाती कसे फिरते, पाहा!

मला मात्र चिन्हापेक्षा दुसरीच गोष्ट अधिक बोचते. हे विमानदल परकीय आक्रमणाशी झुंजताना जन्मले नाही. अर्ध्या राष्ट्राने दुसऱ्या अर्ध्यावर शस्त्र धरले असताना, एका बाहेरच्या सरदाराच्या औदार्यातून ते जन्मले. त्याचा पहिला प्रमुख स्वीडिश लेफ्टनंट होता, त्याच्यानंतरचा जर्मन कॅप्टन. एप्रिल १९१८ मध्ये तांपेरे हे गिरण्यांचे शहर, म्हणजे लालांचा बालेकिल्ला, पडले. सुमारे अकरा हजार माणसे तेथे कैद झाली. त्या वर्षी बंदिछावण्यांत उपासमारीने आणि रोगांनी बारा हजारांहून अधिक लाल कैदी मेले. तांपेरे हे नाव ध्यानात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

यानंतरची वीस वर्षे म्हणजे सल्लागारांची रांग. महायुद्धात जर्मनी हरताच जर्मन गेले आणि फ्रेंच आले. त्यांच्यामागोमाग फ्रेंच विमाने आली. १९२४-२५ साली जनरल कर्क यांचे ब्रिटिश मंडळ आले आणि पाण्यावर उतरणाऱ्या विमानांवर भर द्या, असे सांगून गेले. देशात सरोवरे हजारोंनी, तेव्हा सल्ला अगदीच वेडगळ नव्हता. पण सल्ला देणाऱ्याची नजर प्रथम आपल्या आरमाराच्या समुद्रावर असते, फिनलंडची लांब भूसरहद्द त्याला दिसते ती मागाहून. ज्याच्याकडे विकायला जे असते त्याचीच आपल्याला निकड आहे, असे तो प्रामाणिकपणे समजतो.

या काळात एक गोष्ट मात्र शहाणपणाची घडली. सरकारने हेलसिंकीजवळच्या सुओमेनलिन्ना बेटावर स्वतःचा विमान कारखाना काढला आणि तेथे जर्मन नमुन्यावरून परवान्याने १२० सागरी विमाने बांधली. ती विमाने कालबाह्य झाली. पण पत्रा कापणारे, लाकूड वाकवणारे, नकाशा वाचणारे हात तयार झाले, आणि हात कालबाह्य होत नाहीत. १९३६ साली हा कारखाना हलला. कोठे, तर तांपेरेला! ज्या शहरातून अठरा वर्षांपूर्वी कामगार हात वर करून निघाले, त्याच शहरात आता राष्ट्राच्या संरक्षणाचे यंत्र त्यांच्याकडून करवून घ्यायचे होते. तेथे डच फॉकर लढाऊ विमाने परवान्याने बांधली गेली आणि ब्रिटिश नमुन्याची मर्क्युरी इंजिने त्याच गावातील तांपेला कंपनीने केली.

३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत रशियाने हल्ला केला. सुमारे सदतीस लाख वस्तीचे राष्ट्र, आणि हाताशी छत्तीस फॉकर. हे हिवाळी युद्ध १०५ दिवस चालले. फिनिश वैमानिक जर्मनी-फ्रान्समध्ये जाऊन शिकून आले होते, पण शिकलेले त्यांनी जसेच्या तसे गिरवले नाही. थोडकी विमाने जोडीजोडीने लढवण्याची पद्धत त्यांनी बसवली. ६ जानेवारी १९४० रोजी योर्मा सार्वान्तो याने पाचएक मिनिटांत सहा बाँबफेकी विमाने पाडली, ही कथा तेथील पोरासोरांनाही ठाऊक आहे.

त्याच महिन्यातील दुसरी तारीख सैनिकी इतिहासांत अडगळीत पडते. २३ जानेवारी १९४० रोजी फिनलंडच्या मालक संघटनेने कामगार संघटनांशी वाटाघाटी करण्याचे तत्त्व जाहीरपणे मान्य केले. 'जानेवारीचा साखरपुडा' असे त्याला तेथे म्हणतात. बावीस वर्षे जे नाकारले ते युद्धाच्या आठव्या आठवड्यात दिले. उदारपणाने दिले असे मी म्हणणार नाही. गरज होती म्हणून दिले. पण माझ्या मते विमानदल राष्ट्राचे झाले ते वासाच्या दानाने नव्हे, या तारखेच्या आसपास.

युद्ध चालू असता मदतही आली: फ्रान्सची मोरान, इटलीची फियाट, ब्रिटनची ग्लॅडिएटर, अमेरिकेची ब्रूस्टर. स्वीडिश स्वयंसेवकांनी आपली विमाने आणून उत्तरेकडचे लॅपलंड सांभाळले. त्यात पाडलेली रशियन विमानेही दुरुस्त करून वापरात घेतली. वाचायला हे भव्य वाटते. दुरुस्तीशाळेत उभे राहून पाहा! एकाचा नट इंचात, दुसऱ्याचा मिलिमीटरमध्ये. पुस्तिका चार भाषांत. चव्वेचाळीस ब्रूस्टरांपैकी बोटांवर मोजण्याइतकीच युद्ध संपण्यापूर्वी पोचली. त्यांची इंजिने तर आधी वापरून दुरुस्त केलेली होती. ती तेल गाळीत आणि तापत. फिनिश मिस्त्र्यांनी सिलिंडरातील एक पिस्टन-रिंग उलटी बसवली आणि तेल आटोक्यात आणले. याच जातीच्या विमानांची १९४२ साली मिडवेच्या लढाईत अमेरिकनांच्या हाती धूळधाण झाली. फिनलंडच्या ब्रूस्टर थोड्या हलक्या होत्या हे खरे, तरी तेथे त्यांनी तीन वर्षे नाव कमावले.

यावरून कोणी स्वदेशीचा झेंडा घाईने फडकावू नये. फिनलंडने स्वतःचे म्यर्स्की नावाचे लढाऊ विमान बांधले. पन्नासएक झाली, पण युद्ध संपत आल्यावर, आणि त्यांच्या पंखांचे लाकूड दमट हवेत सरस सोडी. पुरेसा माल नसता कारागीर तरी काय करील?

१९४१ नंतर फिनलंड जर्मनीच्या बाजूला झुकले. १९४३ पासून १५९ मेसरश्मिट विमाने मिळाली. १९४४ च्या उन्हाळ्यात त्यांनी देश तारला, असे फिनिश लोक म्हणतात. पण एकाच दुकानातून उधारी केली की दुकानदाराचा तराजूही पत्करावा लागतो. सप्टेंबर १९४४ मध्ये रशियाशी तह झाला आणि काल दारूगोळा पुरवणाऱ्या जर्मनांनाच लॅपलंडमधून हुसकावे लागले. १९४५ साली विमानांवरचे स्वस्तिक पुसले गेले. मुख्यालयाच्या चिन्हात मात्र ते २०१७ पर्यंत टिकले. १९४७ च्या पॅरिस तहाने विमाने साठ, माणसे तीन हजार, अशी मर्यादा घातली.

या साठांत काय बसवायचे, ही पुढील कसरत. १९५८ साली ब्रिटनकडून नॅट आले, १९६३ साली रशियाकडून मिग-२१. दोन्ही नावे आपल्या कानांवरची आहेत! नॅट आपण बंगळूरला बांधले आणि १९६५ च्या युद्धात ते गाजले. मिग-२१ नाशिकजवळ ओझरला बांधले. दोन अलिप्त देश, एक थंडीतला, एक उन्हातला, दोन्ही बाजूंच्या दुकानांत पाय ठेवून होते. पुढे फिनलंडने पूर्वेच्या मिगच्या जोडीला पश्चिमेचे स्वीडिश ड्राकेन घेतले, आणि त्यातली बारा आपल्याच कारखान्यात जोडून घेतली. पन्नास ब्रिटिश हॉकपैकी शेहेचाळीस, चौसष्ट अमेरिकन हॉर्नेटपैकी सत्तावन्न यांची जोडणीही मायदेशीच झाली. १९९० साली सरकारने तहाची सैनिकी बंधने यापुढे लागू नाहीत असे जाहीर केले, तरी जोडणीचा हट्ट सुटला नाही. हा हट्ट महागात पडतो, अशी हिशेबनिसांची तक्रार असते. माझे उलट मत आहे. ज्या कारखान्यात परदेशी यंत्राच्या नकाशांचे कपाट परदेशी इंजिनीअरच्या कुलपात असते, तेथील कामगार पंधरा वर्षांनीही हमाल राहतो. असा एक कारखाना मी जवळून पाहिला आहे.

डिसेंबर २०२१ मध्ये फिनलंडने चौसष्ट एफ-३५ विमाने निवडली आणि ४ एप्रिल २०२३ रोजी ते नाटोत सामील झाले. त्या विमानांचे काही भाग फिनलंडात बनणार आहेत. जोडणी मात्र अमेरिकेत, टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे.