पाचवी ते सातवी : प्राथमिक शाळेतली मोठी मुले

स्मरणिकेसाठी लिहा म्हटल्यावर बहुतेकांनी गुरुजींवर आणि बाईंवर लिहायला घेतले, ते योग्यच आहे. संपादक मंडळाने माझ्याकडे मात्र वेगळे काम दिले. आपण शाळेत नेमके काय शिकत होतो आणि दिवसभर काय करत होतो, ते वर्षांच्या नोंदींसह लिहायचे. मी १९७३ च्या जूनमध्ये पाचवीत गेलो आणि १९७६ मध्ये सातवी होऊन बाहेर पडलो. म्हणून ही माहिती प्रामुख्याने त्या तीन वर्षांची आहे. आपल्यापैकी जे आधी किंवा नंतर होते त्यांना काही गोष्टी वेगळ्या आठवतील.

तेव्हाची विश्रांतवाडी आजच्या मुलांना सांगून पटत नाही. आळंदी रस्त्याच्या कडेने वस्ती, मागे शेते, धानोरी-कळसकडे जाताना बाभळी, आणि डोक्यावरून लोहगावची विमाने. विमान गेले की गुरुजी वाक्य अर्ध्यावर थांबवायचे आणि आवाज विरला की तिथूनच पुढे सुरू करायचे. पालकांपैकी कोणी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, कोणी लष्कराच्या आस्थापनांत, कोणी बांधकामावर, तर कोणी भाजीच्या धंद्यात. आदल्या वर्षीच्या, म्हणजे १९७२ च्या, दुष्काळात गाव सोडून आलेल्या घरांतली मुलेही आमच्या वर्गात होती. त्यांची वये आमच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी जास्त असत. बाकावर बसले की त्यांचे गुडघे वर यायचे.

प्राथमिक शाळा म्हणजे पहिली ते सातवी. त्यात पाचवी ते सातवीची मुले ही शाळेची ‘मोठी मुले’. चौथीपर्यंत पाटी होती, पाचवीत दप्तरात वह्या आल्या. हिंदी आली, इंग्रजी आली. इंग्रजीची चाररेघी वही हा पाचवीचा मोठा मान होता. पहिल्यांदा दौतीत बोरू बुडवून शुद्धलेखन, मग त्याच हाताने चाररेघीत इंग्रजी वळणे. आज इंग्रजी पहिलीपासून असते. शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या काळात २००० साली तो निर्णय झाला, तेव्हा त्यावर किती वाद झाला ते आठवत असेल. आम्ही अकराव्या वर्षी सुरुवात केली, आणि माझे प्रामाणिक मत असे की त्यामुळे मराठी पक्की झाली पण इंग्रजी बोलण्याची भीती मात्र जन्माची राहिली.

पुस्तके बालभारतीची. पाठ्यपुस्तक मंडळ पुण्यातच, २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेले. त्याच मंडळाचे ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघू लागले होते. त्याचा एकच अंक वर्गात फिरायचा, आणि मुखपृष्ठ गळेपर्यंत फिरायचा. वह्यांची मात्र त्या काळात टंचाई होती. जुन्या वह्यांतली कोरी पाने काढून दाभणाने शिवलेली वही कित्येकांकडे असे. आम्ही सातवीत गेलो त्याच महिन्यात आणीबाणी आली, आणि १ जुलै १९७५ ला वीस कलमी कार्यक्रम जाहीर झाला. त्यात विद्यार्थ्यांना नियंत्रित दराने वह्या-पुस्तके देण्याचे कलम होते. आणीबाणीचा आम्हा मुलांना कळलेला अर्थ एवढाच : भिंतींवर घोषणा आणि स्वस्त, खरखरीत कागदाच्या वह्या. त्या कागदावर शाई फुटायची, म्हणून पेन्सिलीने लिहावे लागे.

गणितात दशमान पद्धत आमच्या जन्माआधीच आली होती. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले, मापे-वजने त्यानंतर बदलली. तरी गुरुजी तीसपर्यंतचे पाढे झाल्यावर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी म्हणून घेत. औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, म्हणता येणारा मुलगा वर्गात एखाददुसराच. अभ्यासक्रमात यातले काही नव्हते. पण मंडईत बापाबरोबर बसणाऱ्या मुलाला दिडकीचा उपयोग दशांश चिन्हापेक्षा जास्त होता, हे गुरुजींना ठाऊक होते. सरळव्याज शिकवताना ते संचयिकेचे उदाहरण घेत. ही शाळेतली मुलांची बचत बँक. पाच-दहा पैसे भरायचे, पुस्तकावर नोंद करायची, आणि हिशेब सातवीच्या मुलांनी ठेवायचा. नफा-तोटा, काळ-काम-वेग, हौदाचे दोन नळ यांतले बाकी सगळे विसरलो, पण संचयिकेच्या वहीची बेरीज दोन वेळा तपासायची सवय अजून आहे.

मूलोद्योगाचा तास म्हणजे टकळी. तोपर्यंत ‘कार्यानुभव’ हा शब्द आला होता, कोठारी आयोगाच्या १९६६ च्या अहवालानंतरचा. पण आमच्या तोंडी मूलोद्योगच. ही कल्पना मुळात १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेची, गांधीजींच्या नई तालीमची. हाताने काही उत्पादक काम करता करता मुलाने भाषा, गणित, समाज शिकावे, असा तिचा विचार. आपल्याला तर ती फार जवळची. मेंटल कॉर्नरच्या पलीकडे येरवड्याचा तुरुंग, आणि पेटीत मावणारा ‘येरवडा चक्र’ हा चरखा गांधीजींच्या तिथल्या बंदिवासातूनच त्या नावाने ओळखला गेला. पुणे करार झाला तोही याच तुरुंगात, २४ सप्टेंबर १९३२ रोजी. नागरिकशास्त्राच्या तासाला गुरुजी खिडकीकडे हात करून “इथे” म्हणत, तेव्हा इतिहास पुस्तकातून उठून रस्त्यावर यायचा.

टकळी पितळी चकतीची. डाव्या हातात पेळू, उजव्या हाताने मांडीवरून किंवा चिमटीने फिरकी. चार फुटांचा एक तार, १६० तारांची लटी, ६४० तारांची गुंडी. हे गणित आम्हाला पाठ होते, गुंडी मात्र क्वचितच कोणाची पुरी व्हायची. सूत तुटायचे, जाड-बारीक व्हायचे. आमच्या वर्गात सर्वांत सरळ सूत काढणारी मुलगी अभ्यासात मागे समजली जायची. वर्धा योजनेचा हेतू खरा मानायचा तर तिला वर्गात वरचा नंबर मिळायला हवा होता. पण टकळीच्या गुणांना वार्षिक निकालात फारसे कोणी विचारत नसे, आणि मला वाटते ती योजना अशाच ठिकाणी फसली. हाताचे काम तासात राहिले, किमतीत आले नाही.

मोठ्या मुलांची दुसरी कामे : घंटा देणे, माठ भरणे, फळ्यावर वर्तमानपत्रातल्या बातम्या उतरवणे, पावसात व्हरांडा उपसणे. आणि लहान वर्ग सांभाळणे. पहिली-दुसरीच्या बाई रजेवर असल्या की सातवीतली दोन मुले तिकडे पाठवली जात. आम्हाला ती चैन वाटे. पुढे वाचनात आले की मोठ्या मुलांनी लहानांना शिकवण्याची ही रीत जुन्या गावठी शाळांतली. मद्रासेत असताना मलबारी मुलांना वाळूत अक्षरे गिरवताना, एकमेकांना शिकवताना पाहून अँड्र्यू बेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ती विलायतेत नेली, आणि तिथून ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून जगभर गेली. आम्ही जगाच्या इतिहासात भर घालतो आहोत याची कल्पना नसताना पहिलीच्या मुलांची नाके पुसत होतो.

आता पालखी. आळंदीहून माउलींची पालखी थोरल्या पादुका, दिघी, कळस करत आपल्या रस्त्याने पुण्यात जाते. शाळा जूनमध्ये सुरू होते आणि एक-दोन आठवड्यांत पालखी येते, म्हणून वर्षाची खरी सुरुवात हीच वाटे. पाचवीची मुले पाणी द्यायची, सहावी-सातवीची मुले रांग धरायची, आणि मुली दिंड्यांतल्या बायकांना हात धरून सावलीत आणायच्या. पण आमच्या भूगोलाच्या गुरुजींनी त्यात एक काम घातले होते. पाणी देताना प्रत्येकाने एका वारकऱ्याला गाव, तालुका, जिल्हा विचारायचा आणि दुसऱ्या दिवशी नकाशावर टिंब द्यायचे. परभणी, नांदेड, बीड, बुलढाणा कुठे आहेत ते आम्हाला असे कळले. निलंगा, गंगाखेड ही नावे परीक्षेच्या आधी माणसांच्या तोंडून ऐकली. एका आजोबांनी पाणी पिऊन मलाच उलट विचारले होते, “बाळा, तुझं गाव कोणतं?” विश्रांतवाडी म्हटल्यावर ते म्हणाले, “ते नव्हं, तुमचं.” दुष्काळात आलेल्या आमच्या वर्गमित्रांनी त्या नकाशावर स्वतःच्या गावाचीही टिंबे दिली. गुरुजींनी ती पुसली नाहीत.

१९७४ हे शिवराज्याभिषेकाचे तीनशेवे वर्ष. त्या दिवाळीत शाळेच्या आवारात जेवढे किल्ले झाले तेवढे पुन्हा झाले नाहीत. भाषणेही खूप झाली, त्यांबद्दल न लिहिलेले बरे.

शिष्यवृत्ती परीक्षा तेव्हा चौथीला आणि सातवीला असे, पुढे काही वर्षे ती पाचवी-आठवीला होती. सातवीच्या मुलांचा जादा वर्ग शाळा सुटल्यावर, बिनपैशांचा. या वर्गात कोणाला घ्यायचे हे गुरुजी ठरवत, आणि इथून आमच्या वर्गाचे दोन भाग पडायला लागले. कारण सातवीनंतर पुढे काय, हा प्रश्न तेव्हाच घराघरांत सुरू होई. आधीच्या पिढीत ‘व्हर्नाक्युलर फायनल’, म्हणजे सातवीची परीक्षा, पास झालेला माणूस प्राथमिक शिक्षक होऊ शकत असे, सरकारी नोकरीतही लागे. आमच्या वेळी तो मान ओसरला होता, पण घरी ‘फायनल’ हा शब्द टिकून होता, आणि फायनल झाली म्हणजे शिक्षण झाले ही समजूतही. आठवीसाठी खडकी, येरवडा किंवा शहरात जायचे. बसचे पैसे, नवा गणवेश, आणि मुलगी असेल तर सोबत.

जोतीराव फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ ला हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी होती. प्राथमिक शाळेत मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची प्राथमिक माहिती, नीती आणि आरोग्य शिकवावे, असेही त्यांनी लिहिले होते. मोडी वगळली तर हा जवळजवळ आमच्याच पाचवी ते सातवीचा तक्ता आहे. गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक १९११ मध्ये मांडले, ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. राज्यघटनेने चौदाव्या वर्षापर्यंतचे आश्वासन दिले, आणि तो हक्क कायद्याने अंमलात आला १ एप्रिल २०१० ला. आपल्या शेजारच्या वस्तीला फुल्यांचे नाव आहे. त्यांनी मागितलेली बारा वर्षे आमच्या वर्गाने पुरी केली, आणि बरोबर तिथेच पुष्कळ जण थांबले.

थांबणाऱ्यांत मुली जास्त होत्या. सरळ सूत काढणारी ती थांबली. शिष्यवृत्तीच्या वर्गात बसलेल्या दोघी थांबल्या. दुष्काळात आलेली मोठी मुले तर सातवीचा निकाल घ्यायलाही आली नाहीत, कामावर गेली. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये ‘शाळा सोडल्याचे कारण’ असा एक रकाना असतो. तिथे ‘सातवी उत्तीर्ण’, ‘पालकांच्या इच्छेनुसार’ किंवा ‘सतत गैरहजर’ एवढेच लिहितात. इतिहास लिहिणाऱ्याला त्या रकान्यातून फार काही मिळत नाही.

आणि म्हणून मेळाव्याच्या यादीबद्दल एक सांगायचे आहे. आपली यादी फोन नंबरांवरून तयार झाली. फोन नंबर मिळाले ते पुढे हायस्कूलला, कॉलेजला, नोकरीत एकमेकांना भेटलेल्यांचे. सातवीला थांबलेल्यांपैकी फार थोडी नावे तिच्यात आहेत. रजिस्टरात मात्र सगळी नावे आहेत, मुलींची माहेरची. त्यांतल्या काही जणी अजून कळस, धानोरी, टिंगरेनगर भागातच राहत असतील आणि आपल्याला भाजीच्या गाडीवर किंवा नातवाला शाळेत सोडताना भेटत असतील. समितीने रजिस्टरवरून १९७६ च्या वर्गाची पूर्ण यादी करून घ्यावी, अशी मी विनंती केली आहे. ती नोंदणीच्या टेबलावर ठेवायची आहे. नाव ओळखीचे दिसले तर समोर सासरचे नाव आणि पत्ता लिहा. पत्ता ठाऊक नसेल तर निदान कुठे शेवटचे दिसले, एवढे तरी लिहा.