काचेच्या मागून रंगवणारे हात

घाटकोपरला माझे वडील दुकानांच्या काचेच्या पाट्या रंगवत. अक्षरं मागच्या बाजूने, उलटी काढावी लागत. म्हणून पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात तशाच मागून रंगवलेल्या काचचित्रांपुढे माझे पाय खिळले.

या कलेत सगळा क्रम उलटा. कागदावर शेवटी येणारी डोळ्यांची बाहुली, नथ, मोत्यांचे ठिपके इथे आधी; मग चेहरा, लुगडं आणि सर्वांत शेवटी पार्श्वभूमी. नथ विसरली तर मागचे थर खरवडावे लागतात. अठराव्या शतकात कॅन्टनचे चिनी कारागीर अशी चित्रं परदेशी व्यापारासाठी काढत. तिथून ती आपल्याकडे आली आणि इथल्या चितारींनी काचेवर देवदेवता उतरवल्या. बहुतेकांची नावं उरली नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

संग्रहालयातली ही चित्रं जमवणारे दिनकर केळकर (1896–1990) ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिहीत, व्यवसाय चष्म्यांचा. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाचं नाव त्यांनी संग्रहाला दिलं आणि 1975 मध्ये तो सरकारच्या हवाली केला.

घरात आजीच्या काळचं काचचित्र असेल, तर ओल्या फडक्याने मागून पुसू नका. रंग तिथेच असतो.