तांब्याच्या नळीचं कूळ

६ जून १९४४. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त राष्ट्रांचं सैन्य उतरत होतं. त्याच दिवशी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने जनरल मोटर्समधल्या रिचर्ड गॉगलर या अभियंत्याच्या नावे एक पेटंट मंजूर केलं. अर्ज १९४२ च्या डिसेंबरातला, विषय फ्रिजचा. पंप न लावता उष्णता एका जागेवरून दुसरीकडे न्यायची कशी? गॉगलरने सुचवली एक बंद नळी, तिच्यात थोडा द्रव आणि आतल्या भिंतीला सच्छिद्र अस्तर. पेटंट कागदावरच राहिलं.

१९६३ मध्ये लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर स्वतंत्रपणे त्याच कल्पनेवर आला. त्याला अवकाशयानातल्या अणुभट्टीची उष्णता हलवायची होती. तिथे गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर द्रव खाली आणता येत नाही. १९६४ मध्ये त्याने सहकाऱ्यांसह शोधनिबंध छापला आणि ‘हीट पाइप’ हे नाव रूढ झालं.

आज कॉम्प्युटरच्या कूलरमध्ये दिसते ती त्याच घराण्यातली तांब्याची नळी, बहुधा ६ मिलिमीटर व्यासाची. आतली हवा काढून घेतलेली असते, पाणी अगदी थोडं. दाब कमी असल्यामुळे ते शंभर अंशांच्या कितीतरी खाली उकळतं. प्रोसेसरजवळच्या टोकाला वाफ होते, वाफ दुसऱ्या टोकाच्या धातूच्या पट्ट्यांकडे धावते, तिथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते, आणि कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं तसं ते पाणी आतल्या अस्तरातून परत येतं. फिरणारा भाग एकही नाही. मला तर या सगळ्या प्रकरणात पंख्यापेक्षा हे अस्तरच जास्त थोर वाटतं.

सुरुवातीच्या घरगुती कॉम्प्युटरांना याची गरजच नव्हती. १९९० च्या आसपास प्रोसेसर उघडाबोडका बसलेला असे. ४८६ च्या वेगवान आवृत्त्या आणि १९९३ चा पेंटियम आला, तशी ॲल्युमिनियमची छोटी वडी आणि तिच्यावर पंखा नेहमीचा झाला. मग १९९८ च्या सेलेरॉन ३००ए या प्रोसेसरने हौशी मंडळींना ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवण्याची, चटक लावली. बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्‌झवर नेला की ३०० चा प्रोसेसर थेट ४५० वर पळायचा, आणि बरेचसे नग खरोखर पळायचे.

मात्र अशा चैनीचा हिशेब सरळ नसतो. चिपमधली उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वेग दहा टक्के वाढवण्यासाठी व्होल्टेज १.२ वरून १.३५ वर न्यावं लागलं, तर उष्णता जवळजवळ ३९ टक्क्यांनी वाढते. २००४ च्या प्रेस्कॉट पेंटियम ४ ने तर ओव्हरक्लॉक न करताही शंभर वॉट गाठले. मग वडी अपुरी पडली. नळ्या वर गेल्या, पट्ट्यांचे मनोरे उभे राहिले. २०१४ चा नॉक्टुआ एनएच-डी१५ हा त्या वंशातला मातब्बर: १६५ मिलिमीटर उंच, सहा नळ्या, १४० मिलिमीटरचे दोन पंखे आणि सव्वा किलोहून जास्त वजन.

नेमक्या त्याच काळात कॅबिनेट उलट्या दिशेला निघाले होते. २००१ मध्ये तैवानच्या व्हिया कंपनीने १७० मिलिमीटर चौरस मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड आणला. पुढे एनकेस एम१ हा १२.६ लिटरचा कॅबिनेट आला. त्यात कूलरला सुमारे १३० मिलिमीटर उंची मिळे. डॅन ए४ तर ७.२ लिटरचा, त्यात उरतात ४८ मिलिमीटर. अवकाशासाठी घडलेली नळी इथे पुन्हा जागेच्याच अडचणीत सापडली.

म्हणून लहान कॅबिनेटसाठी कूलर घेताना पहिला आकडा उंचीचा. प्रोसेसरच्या माथ्यापासून झाकणापर्यंत किती जागा आहे, हे कळलं की यादी आपोआप आखडते. दुसरा प्रश्न वाऱ्याचा. मनोरा हवा आडवी ढकलतो. त्याच्यामागे बाहेर जाण्याची वाट नसेल तर तीच गरम हवा फिरून पुन्हा त्याच्यात येते. आडवा, वरून खाली फुंकणारा कूलर जाळीच्या झाकणाखाली थंड हवा थेट ओढतो आणि मदरबोर्डवरच्या वीजपुरवठ्याच्या भागांना व रॅमलाही वारा घालतो. लहान डब्यात मी त्यालाच झुकतं माप देईन. पंखा आणि जाळी यांत अंतर मात्र कमी हवं, नाहीतर मधल्या फटीतून गरम हवा मागे येते.

उन्हाळ्यातलं नागपूर वा चंद्रपूर असेल तर अजून एक वजाबाकी करायची. हवेवर चालणारा कोणताही कूलर खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. बावीस अंशांच्या खोलीत सत्तरावर थांबलेला प्रोसेसर चाळीस अंशांच्या खोलीत अठ्ठ्याऐंशीच्या आसपास जाणार.

ओव्हरक्लॉकिंगला या डब्यांत कितपत अर्थ आहे? नॉक्टुआचा ३७ मिलिमीटरचा एनएच-एल९आय डॅन ए४ मध्ये सहज बसतो, पण तो ओव्हरक्लॉकिंगसाठी योग्य नाही, असं कंपनीच सांगते. एम१ सारख्या कॅबिनेटमध्ये १२० मिलिमीटरच्या पंख्याचा आडवा कूलर लावून थोडाफार वेग चढवता येतो. त्याहून लहान कॅबिनेट असेल तर जाणती मंडळी तोच व्होल्टेजचा वर्ग उलटा वापरतात: वेग आहे तिथेच ठेवून व्होल्टेज थोडं थोडं उतरवत जातात, आणि प्रोसेसर अडखळू लागला की एक पायरी मागे येतात.